बोर्डिंग, प्रायव्हेट डे की पब्लिक? शाळेच्या नावाचा कॉलेज ॲडमिशनला खरोखर किती उपयोग?

ओसरी

नमस्कार मंडळी. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, लेक आठवीत आहे. तिने स्वतःच्या हट्टाने एसएसएटी (प्रायव्हेट शाळांची प्रवेश परीक्षा) दिली आणि लॉरेन्सव्हिल, एक्झेटर, चोट अशा तीन बोर्डिंग शाळांत अर्ज केले. निकाल १० मार्चला. याशिवाय घराजवळ एक प्रायव्हेट डे स्कूल आहे आणि आमच्या टाउनशिपचं पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलही चांगलंच आहे.

सध्या माझा उद्योग एकच: प्रत्येक शाळेच्या साइटवरची 'आमची मुलं कुठल्या कॉलेजांत गेली' ही यादी एक्सेलमध्ये भरायची. बघावं तिथे आठही आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे जुनी नामांकित विद्यापीठं), स्टॅनफर्ड, एमआयटी, शिकागो. सगळ्यांचंच सगळं उत्तम, मग तुलना करायची कशाची? नवरा म्हणतो, या पैशांत कॉलेजचं शिक्षण होऊन वर उरतील. सासूबाई म्हणतात, चौदा वर्षांची पोर हॉस्टेलला कशाला धाडायची. मला मात्र हे समजून घ्यायचंय की या जुन्या नावांचा दबदबा कॉलेजच्या दारात आजही चालतो का. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

बोरूबहाद्दर

आधी उतरंड सांगतो. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

हॉचकिस, ॲन्डोव्हर, डीअरफील्ड, एक्झेटर आणि सेंट पॉल्स यांना इथले पालक आद्याक्षरं जुळवून 'हेडीज' (HADES) म्हणतात. त्यात ग्रॉटन, लॉरेन्सव्हिल, चोट, मिडलसेक्स आणि मिल्टन घातल्या की दहा होतात. ॲन्डोव्हर १७७८ची, एक्झेटर १७८१ची. पहिली फिलिप्स घराण्यातल्या पुतण्याने काढली, दुसरी काकाने, म्हणून दोन्हींच्या नावात 'फिलिप्स' आहे, आणि दोन्ही शाळांची खुन्नस आजतागायत चालू आहे. दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष ॲन्डोव्हरचे, झुकरबर्ग एक्झेटरचा, केनेडी चोटचे, फ्रँकलिन रूझवेल्ट ग्रॉटनचे. दबदबा येतो तो असा.

पण एक्सेलमध्ये आणखी एक रकाना घाला: विद्यार्थीसंख्या. ॲन्डोव्हर आणि एक्झेटरमध्ये हजाराच्या वर मुलं आहेत, ग्रॉटनमध्ये चारशेच्या आत. नुसते आकडे शेजारी ठेवलेत तर मोठी शाळा जिंकणारच. दरडोई हिशेब काढलात तर मॅनहॅटनमधल्या ट्रिनिटी, कॉलेजिएट, ब्रिअर्लीसारख्या छोट्या डे स्कूल्स आणि बॉस्टनची १६४५ सालची रॉक्सबरी लॅटिन या नामांकित बोर्डिंगांच्या बरोबरीने दिसतात. पश्चिमेकडे लॉस एंजेलिसची हार्वर्ड-वेस्टलेक आणि सॅन होजेची हार्कर. यांचं नाव न्यू इंग्लंडच्या शाळांइतकं जुनं नाही, पण ॲडमिशन ऑफिसं त्यांना चांगलीच ओळखतात.

अवांतर: हार्वर्ड-वेस्टलेकचा हार्वर्ड विद्यापीठाशी काहीही संबंध नाही. हार्वर्ड नावाची मुलांची शाळा आणि वेस्टलेक ही मुलींची, अशा दोन शाळा १९९१मध्ये एकत्र झाल्या. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी 'हार्वर्डची शाखा' म्हणून गावभर सांगितलं होतं.

तिसरी_घंटा

एका प्रायव्हेट शाळेच्या कॉलेज काउन्सेलिंग ऑफिसात मी काही वर्षं काम केलंय (नाव नको), त्यामुळे या याद्या कशा बनतात ते आतून पाहिलंय.

ओसरी, सगळ्यात आधी यादी 'प्रवेश मिळाला' अशी आहे की 'प्रत्यक्ष गेले' अशी, ते बघा. पहिल्या प्रकारात एकच हुशार पोर आठ कॉलेजांच्या नावापुढे आठ वेळा मोजलं जातं. मग ती एका वर्षाची आहे की तीन, चार, पाच वर्षांची बेरीज, ते बघा. काही शाळा ठरावीक संख्येहून जास्त मुलं गेली तेवढीच कॉलेजं छापतात, त्यामुळे खालची लांबलचक शेपूट दिसतच नाही.

पण यादी पूर्ण प्रामाणिक असली तरी त्यातून खरी गोष्ट कळत नाही. ती म्हणजे 'हुक', म्हणजे अभ्यासाबाहेरचं झुकतं माप, कोणाला होता. प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात (सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२३चा) जी आकडेवारी बाहेर आली, तिच्यात हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना (यांना 'लेगसी' म्हणतात) प्रवेश मिळण्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्के होतं, बाकीच्यांचं ६ टक्क्यांच्या आसपास. खेळासाठी निवडलेल्यांचं ८६ टक्के. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४३ टक्के हे खेळाडू, लेगसी, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले होते. त्या खास यादीत देणगीदारांची मुलं येतात.

आता ही मुलं शाळेत असताना कुठे होती? त्यातली बरीच याच शाळांत. रोइंग, स्क्वॉश, फेन्सिंग, लॅक्रॉस हे खेळ कुठे खेळले जातात ते आठवा. काही बोर्डिंग शाळांत बारावी झालेला खेळाडू आणखी एक वर्ष काढायला येतो, त्याला पोस्टग्रॅज्युएट म्हणतात. त्याचं कॉलेजही यादीत येतं. लॉरेन्सव्हिलपासून प्रिन्स्टन विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तिथल्या प्रिन्स्टनच्या आकड्यात प्राध्यापकांची आणि लेगसी मुलं किती असतील याचा विचार करूनच तो वाचा.

यातलं काहीच तुमच्या मुलीला लागू नसेल तर तिची स्पर्धा उरलेल्या मुलांशी आहे आणि त्या उरलेल्यांची वेगळी यादी कुठलीही शाळा छापत नाही. एक्सेल बंद करा असं मी म्हणत नाही. पण ती यादी शाळेने कोणाला आत घेतलं हे जास्त सांगते, शाळेने काय घडवलं हे कमी.

कडकलक्ष्मी

तिसरी_घंटा यांना अनुमोदन. थोडं पुढे जाऊन म्हणते, सरळ पब्लिकमध्ये घाला.

अँग्रिस्ट, पाठक आणि अब्दुलकादिरोग्लू या अर्थतज्ज्ञांचा २०१४चा शोधनिबंध आहे. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या नामांकित शाळांत कटऑफच्या जरा वर असल्याने घेतलेली मुलं आणि जरा खाली असल्याने राहिलेली मुलं, यांची तुलना त्यांनी केली. पुढच्या परीक्षांच्या गुणांत आणि कॉलेजांच्या दर्जात म्हणावा असा फरक सापडला नाही. मूल तेच, शाळा वेगळी, निकाल जवळपास सारखा. मग वर्षाला सत्तर हजार डॉलर कशाचे? सोफ्याचे?

न्यू जर्सीत बर्गन काउंटी ॲकॅडमीज, हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल अशा फुकटच्या मॅग्नेट (निवडक मुलं घेणाऱ्या सरकारी) शाळा आहेत. आपल्या लोकांना फी भरल्याशिवाय चांगलं वाटत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम.

निळी_छत्री

सोफे चांगले असतात हो तिथे, खोटं कशाला बोला.

माझा मुलगा वर दिलेल्या दहांपैकीच एका शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडला. आम्हाला कुठलाही हुक नव्हता. तो एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स कॉलेजात आहे, इंजिनिअरिंगला, आणि मजेत आहे. पब्लिक शाळेतून तिथेच गेला असता का? बहुतेक हो. कदाचित त्याहून 'वर'सुद्धा, कारण आमच्या गावच्या शाळेत तो पहिल्या पाचात असता. बोर्डिंगमध्ये तो मधल्या गर्दीत होता. तिथे वर्गातली प्रत्येक मुलगी नि मुलगा आपापल्या गावचा पहिला असतो आणि ग्रेड सढळ हाताने देत नाहीत. पहिल्या टर्मला बी मायनस बघून त्याची आई (म्हणजे मी) दोन दिवस जेवली नाही. पोरगा जेवला.

मिळालं काय ते सांगते. बारा-तेरा मुलं एका मोठ्या लंबगोल टेबलाभोवती बसतात, मास्तर त्यांच्यातलेच एक होऊन, आणि पूर्वतयारी नसली तर लपायला जागा नाही. ही हार्कनेस पद्धत एक्झेटरला १९३०मध्ये एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून सुरू झाली, आता लॉरेन्सव्हिलसकट बऱ्याच शाळांत आहे. आमचा मुलगा मुलखाचा अबोल. आता तो 'मला तुझं म्हणणं पटलं नाही, कारण...' असं शांतपणे म्हणू शकतो. घरी याचा त्रास होतो, हा भाग वेगळा. लिहायला तर इतका शिकला की कॉलेजातला पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स त्याला सोपा गेला.

कॉलेजच्या यादीकडे बघून पाठवणार असाल तर नका पाठवू. ही चार वर्षं स्वतःच मोलाची वाटत असतील आणि पैसे काढताना पोटात गोळा येत नसेल, तर पाठवा.

बोरूबहाद्दर

कडकलक्ष्मी, तो निबंध चांगलाच आहे, पण जपून वापरा. त्यातल्या शाळा पब्लिक आहेत: बॉस्टन लॅटिन, स्टायव्हसंट वगैरे. आणि तो कटऑफच्या काठावरच्या मुलांबद्दल बोलतो, त्या शाळांच्या अगदी वरच्या मुलांबद्दल नाही. प्रायव्हेट शाळांचं गणित निराळं आहे. तिथे काउन्सेलर, शिफारसपत्रं आणि जुन्या ओळखी हीच विकायची वस्तू असते.

२०२३मध्ये राज चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांचा अभ्यास आला. एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेचे गुण सारखे असले तरी सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात आयव्ही-प्लस (आठ आयव्ही आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, शिकागो, ड्यूक) कॉलेजांत जातात. कारणं तीन: लेगसी, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या कामगिरीला दिलेले गुण. हे तिसरं आपल्या धाग्याशी थेट जोडलेलं आहे. असे गुण जास्त मिळण्याचा संबंध त्यांना प्रायव्हेट, म्हणजे धार्मिक नसलेल्या प्रायव्हेट शाळांशी दिसला. म्हणजे शाळा काहीतरी देते. शिक्षक मुलाला जवळून ओळखतात, पत्र जिवंत होतं, काउन्सेलर कॉलेजला मूल नीट समजावून सांगतो. पब्लिकमध्ये एका काउन्सेलरमागे देशभरात सरासरी पावणेचारशेच्या आसपास मुलं आहेत. शालेय काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस अडीचशेची. तो पत्रात काय लिहिणार, 'उपस्थिती उत्तम'?

मात्र त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की लेगसी, खेळ आणि हे अभ्यासाबाहेरचे गुण यांवरून मूल कॉलेजनंतर काय करेल याचा अंदाज बांधता येत नाही. एसएटी आणि अभ्यासाचे गुण यांवरून येतो. यातून जे समजायचं ते समजा.

कडकलक्ष्मी

समजलं. पत्र जिवंत करायला वर्षाला सत्तर हजार.

मुक्काम_पोस्ट_टेक्सस

राज्य कुठलं यावरही बरंच अवलंबून आहे, त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे १९९७पासून कायदा आहे: शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. यूटी ऑस्टिनला अर्ज इतके की तिथे ही मर्यादा खाली येत येत आता ५ टक्क्यांवर आली. चांगल्या ग्रेडचं मूल साध्या शाळेत ठेवलं तर ऑस्टिन खिशात. तेच मूल कठीण प्रायव्हेटमध्ये घातलं तर वरच्या ५ टक्क्यांत येताना नाकी नऊ येतात. (ऑस्टिनला प्रवेश मिळाला तरी हवी ती शाखा मिळेलच असं नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं.) कॅलिफोर्नियातही यूसी, म्हणजे राज्याची सरकारी विद्यापीठं, प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांचा हिशेब ठेवतात आणि एसएटी तर बघतच नाहीत. तिथेही तगड्या शाळेतलं मधलं मूल मार खातं.

आणखी एक बारीक गोष्ट. पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) वरून मिळणाऱ्या नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचा कटऑफ राज्याराज्यांत वेगळा असतो, पण बोर्डिंग शाळांना त्यांच्या विभागातल्या सर्वांत वरच्या राज्याचा कटऑफ लागतो. ओसरी, तुमच्या राज्याचा कटऑफ तसाही देशातल्या सगळ्यात वरच्यांत असतो, तुम्हाला फारसा फरक नाही. पण न्यू हॅम्पशर किंवा मेनमधून मूल पाठवणाऱ्यांना बसतो.

सांजवात

पैशांबद्दल. निकालाच्या आधीच नवरा-बायकोने हे बोलून घ्यावं म्हणून लिहितेय.

ॲन्डोव्हरने २००७मध्ये जाहीर केलं की प्रवेश देताना घरची परिस्थिती बघणार नाही आणि लागेल तेवढी मदत देऊ. एक्झेटरने त्याच वर्षी ७५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्यांना फी माफ केली (नंतर ती रेषा वर नेली) आणि २०२१पासून प्रवेशातही परिस्थिती बघणं सोडलं. दोन्हींकडे कॉलेजांना लाजवेल एवढा एंडाउमेंट फंड आहे, म्हणून जमतं. बहुतेक बाकीच्या शाळा मदत देतात, पण ठरावीक रकमेत. म्हणजे मदत मागितली तर प्रवेश अवघड होतो, हे कोणी तोंडावर सांगत नाही.

आपल्यातले बरेच जण मधल्या पट्टीत अडकतात. दोघांचे पगार चांगले, म्हणून मदत नाही आणि दोघांच्या पगारांतून सत्तर हजार सहज सुटतात असंही नाही. चार वर्षांचे पावणेतीन लाखांच्या वर जातात, तेही कर भरून उरलेले. वर भावंडाला तेच हवं म्हणून घरात भांडणं. लॉरेन्सव्हिलला डे स्टुडंट म्हणूनही घेतात, फी बोर्डिंगपेक्षा कमी असते. पाऊण तासाच्या आत राहत असाल तर सासूबाईही खूश.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार! सांजवात, आम्ही अर्ध्या तासावर आहोत. डे स्टुडंटचं तिला सुचवून बघितलं, तर म्हणाली, "मग मी रात्रीच्या गप्पांना मुकणार." तिच्या दृष्टीने मुख्य आकर्षण तेच आहे असं दिसतंय.

एक विचारायचं राहिलं. समजा दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला, तर शाळेला नेमकं काय विचारू? 'हुक नसलेल्या मुलांचा निकाल सांगा' असं तोंडावर विचारलं तर उत्तर मिळेल का? आणि आमच्या नातेवाइकांत एकानेही यातलं कुठलंच नाव ऐकलेलं नाही, तो दबदबा जाऊ दे, पण कॉलेजवाल्यांनी तरी ऐकलंय ना, एवढं सांगा.

बोरूबहाद्दर

कॉलेजवाल्यांनी ऐकलंय, काळजी नसावी. पुण्यात मात्र 'फिलिप्स' म्हटलं की ट्यूबलाइटच आठवणार.

तिसरी_घंटा

तसं विचारलंत तर गोड हसतील आणि 'प्रत्येक मुलाचा प्रवास वेगळा' म्हणतील. वळसा घालून विचारा.

वर्गाच्या मधल्या तिसऱ्या भागातली मुलं कुठे गेली, हे विचारा. वरच्यांचं सगळेच सांगतात. शाळेचा अंदाज मधल्यांवरून येतो. एका कॉलेज काउन्सेलरकडे बारावीची किती मुलं असतात? चांगल्या प्रायव्हेटमध्ये तीस-चाळीस, ते साठच्या पुढे गेलं तर फीमधला तो भाग वाया. अर्ज किती कॉलेजांना करू देतात यावर मर्यादा आहे का? काही शाळा एकाच कॉलेजावर सगळ्यांनी तुटून पडू नये म्हणून आडून आडून वळवतात. त्याला 'योग्य जोड शोधणं' म्हणतात, आणि ते करताना कुठलं मूल मागे सरकवलं जातं ते कोणी सांगत नाही.

शाळा स्कोअर (Scoir) वापरते की नॅव्हियन्स, तेही विचारा. या सॉफ्टवेअरमध्ये त्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचे ग्रेड, एसएटी आणि कॉलेजचा निकाल ठिपक्यांच्या आलेखावर दिसतात. छापील यादीपेक्षा हा आलेख दहा पटीने कामाचा आहे, पण पालकांना तो बहुधा अकरावीत दाखवतात. त्यातही खाली एकटाच पडलेला हिरवा, म्हणजे प्रवेश मिळालेला, ठिपका दिसला तर हुरळून जाऊ नका, तो बहुधा कुठल्यातरी रोइंगच्या नौकेचा कप्तान असतो.

एपीचंही (हायस्कूलातले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) बघा. एक्झेटरचे वरचे कोर्स एपीच्या नावाने नसतातच. वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्ससह आठ प्रायव्हेट शाळांनी २०१८मध्ये एपी बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. कॉलेजांना त्याने फरक पडत नाही, कारण प्रत्येक ट्रान्स्क्रिप्टसोबत शाळेचं प्रोफाइल जातं. ते दोन-चार पानी प्रोफाइल बहुतेक शाळांच्या साइटवर असतं. ग्रेडचं वाटप, एसएटीची मधली पट्टी, सगळं त्यात मिळतं. माहितीपुस्तिकेच्या आधी ते वाचा.

आणि लेगसीचा जोर ओसरतोय, हेही धरून चाला. एमआयटी तो बघतच नाही, जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टने सोडला, कॅलिफोर्नियाने तर २०२४मध्ये प्रायव्हेट कॉलेजांसाठीही बंदीचा कायदा केला. तुमची मुलगी अर्ज करेल तेव्हा या शाळांच्या याद्या आजच्यासारख्या दिसतीलच असं नाही.

निळी_छत्री

ओसरी, प्रवेश मिळाल्यावर शाळा रिव्हिजिटला (एक दिवस पुन्हा शाळा बघायला) बोलावतात. उत्तर १० एप्रिलपर्यंत द्यायचं असतं, त्यामुळे तीन ठिकाणी मिळालं तर तारखा लगेच पकडा, चांगल्या तारखा भराभर भरतात. त्या दिवशी पालकांना हॉलमध्ये भाषणं ऐकवतात आणि मुलांना वर्गात नेतात. भाषणांपैकी एखादं चुकलं तरी चालेल, पण तिला जेवणघरात यजमान मुलीशिवाय दुसऱ्या मुलींशी बोलायला सांगा. 'शनिवारी वर्ग असतात का, रात्री किती वाजता झोपता, बरं नसलं तर कोणाकडे जाता' एवढे तीन प्रश्न पुरे. आमच्याकडे झोपेचं उत्तर ऐकूनच एक शाळा यादीतून गेली.

डिपॉझिट भरल्यावर परत मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातल्या एका तारखेनंतर पूर्ण वर्षाची फी बांधील होते. करार नवऱ्यालाही वाचायला द्या. ट्यूशन इन्शुरन्स घ्यायचा की नाही ते त्यात सांगितलेलं असतं. आम्ही घेतला होता.